जर्मन लोकांनी सोडलेली जागा

एलिझा, नोएल,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, ओमानमध्ये काय काय पाहिलंस?" मी "समुद्र, खजुराची झाडं आणि खूप रुंद रस्ते" असं सांगून मोकळी झाले. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. पूर्ण उत्तर फोनवर मावलं नसतं, म्हणून लिहून पाठवते आहे. जे शब्द अडतील ते आईला विचारा.

आधी, मी गेले कशाला? तुमचे आजोबा पंप आणि जनरेटर दुरुस्त करायचे, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या लग्नाआधी त्यांच्या कंपनीने त्यांना सहा महिने जर्मनीला शिकायला पाठवलं होतं. तिथून त्यांनी दोन वस्तू आणल्या: पान्यांचा एक संच आणि एक लाँगप्ले रेकॉर्ड. कव्हरवर जांभळा डोंगर आणि त्यातून वितळत खाली येणारा नारिंगी सूर्य. शेतावरच्या एका घरात एकत्र राहणाऱ्या, केस वाढवलेल्या पाच तरुणांनी ती वाजवली होती. या संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आमच्या वसईच्या घरात तिचं नाव नुसतं 'जर्मन' होतं. पहिल्या बाजूला इंग्रजी शब्दांची तीन गाणी, उच्चार मात्र पक्के जर्मन. प्रत्येक गाण्यात मध्येच गाणारा गप्प बसतो आणि वाद्यं ठरवून न ठेवलेल्या वाटेने भटकायला लागतात. दुसऱ्या बाजूला एकच तुकडा: चार ओळी गाणं, मग पंधरा-सोळा मिनिटं नुसतं सुचेल तसं वाजवणं, आणि शेवटी त्याच चार ओळी पुन्हा.

आजोबांना ओमानच्या किनाऱ्यावर, सहम नावाच्या गावी नोकरी लागली तेव्हा रेकॉर्ड नेता येईना. तिथल्या उन्हात ती पापडासारखी वाकली असती. पहिली सुट्टी संपताना ते म्हणाले, "रीटा, जर्मन कॅसेटवर भरून दे."

मी भरून दिली. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि मुलांच्या निबंधातला पाल्हाळ लाल पेन्सिलीने काढून टाकायची हाताला सवय झाली होती. जिथे गाणं थांबून वाद्यांचा गोंधळ सुरू होतो तिथे मी सुई उचलली. कॅसेटवर थोडी कोरी फीत सोडली, दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ सोडतात तशी, आणि शब्द पुन्हा सुरू होतात तिथे सुई टेकवली. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या चार ओळी आणि शेवटच्या चार ओळी ठेवल्या, मधलं सगळं गाळलं. पहिल्या गाण्यात दोन ठिकाणी, पुढच्या दोन्हींत एकेक आणि दुसऱ्या बाजूला एक, अशा पाच जागा झाल्या. उरलेल्या फितीवर घरचं पत्र भरलं, कारण आखातातल्या माणसांना तेव्हा पत्रं अशी आवाजातच जायची: तुमच्या आईचे तेराचे पाढे, विहिरीला पाणी किती, कोणाचं लग्न ठरलं. डबीवर सुवाच्य अक्षरात यादी लिहिली. पुढच्या सुट्टीत आजोबा म्हणाले, "छान भरलीस." त्यापलीकडे त्या कॅसेटविषयी ते कधी बोलले नाहीत. अकरा वर्षं तिथे नोकरी करून ते परत आले, आणि सहा वर्षांपूर्वी गेले, तेही तुम्हाला माहीत आहे.

ऑक्टोबरात सहमहून दाऊदभाईंचा फोन आला. हे रत्नागिरीकडचे, आजोबांचे तिथले सोबती. दर नाताळला न चुकता फोन करतात. आजोबांना ते बस्त्यावभाय म्हणतात. म्हणाले, "वैनी, मी आता नोकरी खलास करून गावी चाललो. बस्त्यावभायच्या कॅसेटीचा पार गुंता झाला, फीत तुटली. मूळची तबकडी घरात असेल तर घेऊन याल काय? एकदा तरी." आजोबांची पुतणी लीना जवळच, सोहारला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि दोन वर्षं मला बोलावते आहे. मी जानेवारीचं तिकीट काढलं.

सोहार

मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या बाईने रेकॉर्ड कव्हरमधून काढली, उजेडात धरली आणि विचारलं, "माजी, ये थाली है क्या?" मी गाणी आहेत म्हटल्यावर तिने शेजारच्या मुलीला बोलावून दाखवली. मस्कतच्या अधिकाऱ्याने मात्र नुसती मान हलवली आणि कव्हरवरच्या सूर्याला बोट लावून पाहिलं. विमानात ती माझ्या मांडीवर होती, मोटारीत पायाशी.

मस्कतपासून सोहारपर्यंतचा रस्ता समुद्राला धरून जातो. उजवीकडे बागा, डावीकडे लांबवर राखाडी डोंगर. ओमानचा हा पट्टा, याला बातिना म्हणतात, पाहून मला आपली वसई आठवली, आणि मला ते अपेक्षित नव्हतं. वाळवंट दिसेल असं धरून गेले होते. पण इथे आपल्यासारख्याच वाड्या आहेत, फक्त केळीच्या जागी खजूर. आपल्यासारख्याच विहिरी, आणि लीना म्हणाली त्याप्रमाणे आपल्यासारख्याच त्या खाऱ्या होत चालल्या आहेत. पाणी जास्त उपसलं की समुद्र खालून आत येतो. वसईत आमच्या आईच्या विहिरीचं तेच झालं.

लीनाच्या गॅलरीतून एका बाजूला समुद्र दिसतो आणि दुसऱ्या बाजूला बंदराकडच्या कारखान्यांच्या चिमण्या. पहिले दोन दिवस मी विश्रांती घेतली आणि तिच्या स्वयंपाकघरातले डबे लावले. तिने कारखान्यातल्या एका मल्याळी सहकाऱ्याकडून पेटीसारखा बंद होणारा रेकॉर्ड प्लेअर उसना आणून ठेवला होता. "काकी, त्याने दहा वेळा बजावलंय, सुईला हात लावू देऊ नकोस कोणाला," ती म्हणाली. मी म्हटलं, "मला सुई उचलायचा चांगला सराव आहे." तेव्हा ते मी गंमत म्हणून म्हटलं होतं.

सहम, मंगळवार

दाऊदभाईंचं दुकान मुख्य रस्त्यापासून आत आहे. पंपांचे सुटे भाग, तांब्याच्या तारांची बंडलं, भिंतीला टेकवलेल्या पंपांच्या जळक्या मोटारी. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर पांढरा पायघोळ डिशदाशा घातलेले, काठी घेतलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते सालिम, दुकानाचे मालक. इथे मालकाला अर्बाब म्हणतात. आजोबाही त्यांच्याकडेच कामाला होते.

"सबास का बीबी?" त्यांनी लीनाला विचारलं. बस्त्याव हे नाव त्यांच्या तोंडी कधी बसलंच नाही. लीना हो म्हणाली तेव्हा त्यांनी हात छातीला लावला आणि म्हणाले, "सबास अच्छा आदमी. गाना खराब, चाय अच्छा."

दाऊदभाई आतून आले. फोनवरच्या आवाजावरून मी उंच माणूस धरला होता. हे लहानखुरे, पांढरी दाढी, तेलाने काळी झालेली नखं.

"जेवान मागनं," ते म्हणाले. "आधी दाखवा, वैनी."

आणि मग आत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन आले. कव्हर दोन्ही तळहातांवर घेतलं. "हा काय तो डोंगर! बस्त्यावभाय सांगायचा जांभळा हाय, मना कधी पटला नाय. जांभळा डोंगर असतो काय?"

"जर्मनीत असेल," मी म्हटलं.

"जर्मन लोकांचा काय सांगू नका. लय हुशार माणसा." त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः एका मोटारीवर बसले. "आपली लोका गाना म्हणतात तर पयल्यापासून शेवटपर्यंत आपणच म्हणतात. दुसऱ्याला तोंड उघडायला मिळत नाय. जर्मन लोका तशी नाय. थोडा गातात, मग थांबतात, जागा सोडतात. सांगतात, आता तू वाजव. तुझा झाला की मी परत येतंव."

मी विचारलं, "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"बस्त्यावभायनी. दुसरा कोण सांगणार? त्या कॅसेटीत पाच जागा हायत. पयल्या गाण्यात दोन, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात एक, आणि उलट्या बाजूला ती मोठी. तिथं तर चारच ओळी बोलतो आणि जातो. किती मोठा विश्वास म्हणायचा!"

लीनाला काहीच माहीत नव्हतं, ती कौतुकाने ऐकत होती. मी पाणी मागितलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. शुक्रवारी नमाजानंतर बागेतल्या पंपघरात दोघं बसायचे. जागा आली की कॅसेट थांबवायची. आजोबा पान्याने पाइपावर ठोका धरायचे आणि तोंडाने काहीतरी गुणगुणायचे, दाऊदभाई डिझेलच्या रिकाम्या डब्यावर. पुढे त्यांनी गावाहून डफ आणला. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. मन भरलं की बटण दाबायचं. "आणि तो जर्मन असा गायला लागायचा, वैनी, जसा काय दाराशी उभा राहून आमची वाट बघत व्हता." आजोबा परत गेल्यावरही दाऊदभाई महिन्यातून एखाद्या शुक्रवारी एकटे बसत आले, इतकी वर्षं.

"रविवारचा तिकीट हाय माझा," ते म्हणाले. "सामान सगला पाठवून झाला. घरात कोणाला ठावक नाय मी वाजवतंव. बायको म्हणेल, म्हातारपणी चाळे. तर असा मनात हाय, या शुक्रवारी ही तबकडी लावायची, जागा आल्या की मी वाजवीन, आणि लीनाबायनी ता सगला फोनमध्ये भरून द्यायचा. नातवांना ऐकवीन. चाळीस वरसा इथं काढली, वैनी. एवढाच मना इथून न्यायचा हाय."

त्यांनी मला बांगड्याचं सार आणि भात वाढला. सार फार चांगलं झालं होतं, असं लीना म्हणते.

खाबुरा, बुधवार

लीनाने दुसऱ्या दिवशी रजा घेतली होती, मला किनारा दाखवायला. खाबुऱ्याच्या आधी एका ठिकाणी वाळूवर चांदीची चादर अंथरल्यासारखं काही चकाकत होतं. जवळ गेल्यावर कळलं, मासे. लहान तारली, वाळूवरच पसरून वाळत घातलेली. आपण बोंबील दोरीवर टांगतो, खाली पडला तर माझी आजी ओरडायची. इथे सरळ वाळूत. लीना म्हणाली, हे गुरांसाठी. पुढे एक माणूस तगड्या बैलाला समुद्रात उभं करून धूत होता, आणि बैल डोळे मिटून उभा होता. शुक्रवारी इथे बैलांची झुंज लागते, दोन बैल डोकं लावून एकमेकांना ढकलतात, मागे हटला तो हरला.

उन्हामुळे रेकॉर्ड मोटारीत ठेवायची सोय नव्हती. जिथे जाऊ तिथे ती माझ्या काखेत. बाजारातल्या उपाहारगृहात मी तिला वेगळी खुर्ची दिली. वाढणाऱ्या माणसाने आम्हा दोघींपुढे दोन ताटल्या मांडल्या आणि कव्हरकडे पाहून तिसरी मागे घेतली. कागदासारखी पातळ रोटी आली, तिच्यात चीज आणि मध. मी रोटी तोडली आणि लीनाला सांगून टाकलं.

ती आधी हसली. "म्हणजे पाच जागा तू केल्यास?"

"मी. लाल पेन्सिलीने."

"आणि काकांनी तुझं नाव सांगायच्या ऐवजी जर्मनांचं सांगितलं!"

"आता रेकॉर्ड लावली की जागा येणारच नाहीत. माणूस डफ घेऊन बसेल आणि ती मंडळी थांबणारच नाहीत."

लीनाने विचार केला. ती कामाची मुलगी आहे. "काकी, एवढंच ना? घरी रेकॉर्ड लॅपटॉपवर उतरवून घेते. कुठून कुठपर्यंत कापायचं ते तू लिहून दे. अर्ध्या तासाचं काम. शुक्रवारी सांगू, प्लेअर बिघडला, म्हणून स्पीकरवर लावतोय. तुला एवढी वर्षं लपवायचं नव्हतं, तुला माहीतच नव्हतं. आता दोन दिवसांसाठी त्यांच्या आनंदावर विरजण कशाला?"

मी परतीच्या वाटेवर विचार करून हो म्हटलं. तुम्हाला सगळं खरं सांगायचं ठरवलं आहे, म्हणून हेही सांगते. मी हो म्हटलं होतं.

सोहार, गुरुवारची दुपार

लीना कामावर गेली. मी वही, पेन्सिल आणि हातातलं घड्याळ घेऊन प्लेअरसमोर बसले. कापायच्या जागांची वेळ लिहून द्यायची होती, म्हणून रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणं भाग होतं. इतक्या वर्षांत मी ती तशी कधीच ऐकली नव्हती.

पहिल्या गाण्यात शब्द थांबले. मी लिहिलं, 'दोन मिनिटं वीस सेकंद.' मग परत शब्द कधी येतात याची वाट पाहायला लागले.

ऑर्गनने एकच सूर धरला आहे. गिटारवाला त्याच्याभोवती फिरतो, जवळ येतो, लांब जातो. बासरी मध्येच शिरते. मग गिटारवाल्याकडून एक सूर चुकतो. चूक मलाही कळली, इतकी स्पष्ट. मी थांबले, आता काय करणार म्हणून. तर बासरीने तोच चुकलेला सूर उचलला. मग ऑर्गनने. आणि बघता बघता सगळे त्या चुकीच्या बाजूनेच निघाले, आणि तिकडे रस्ता होता. मी पस्तीस वर्षं मुलांच्या चुकांखाली रेघा मारल्या. चूक झाल्यावर वर्गातले बाकीचे ती उचलून तिचं काही करतील, ही गोष्ट माझ्या कधी डोक्यात आली नव्हती. शब्द परत आले तेव्हा वेळ लिहायची राहिली.

दुसरी बाजू लावली. चार ओळी झाल्या आणि वाजवणं सुरू झालं. प्रत्येक क्षणाला मला ते आवडलं असं म्हणणार नाही. मध्ये एक भाग आहे, तिथे कोणीतरी भांडी धुतंय असं वाटतं. पण हे पाचजण एकमेकांचं ऐकतायत, हे मला ऐकू येत होतं. एकाने आवाज चढवला की दुसरा सरकून घेतो. कोणी पुढे नाही.

मग बरंच पुढे गेल्यावर सगळे जवळजवळ गप्प झाले, आणि ढोलवाल्याने लाकडाच्या कडेवर ठोका सुरू केला. दोन सावकाश, तीन भरभर, एक सोडून दिलेला.

मला तो ठोका पाठ होता. आजोबा जेवताना टेबलावर हाच वाजवायचे. चमच्याने, नाहीतर बोटांनी, आमटी वाढेपर्यंत. लग्नापासून शेवटच्या दवाखान्यापर्यंत. आणि मी दर वेळी म्हणायचे, "टेबल वाजवू नका, मुलं बघून शिकतात." ते थांबायचे.

मी वही मिटली. संध्याकाळी लीना लॅपटॉप घेऊन बसली तेव्हा तिला सांगितलं, कापायचं नाही.

"मग काय करणार?"

"त्यांना सांगणार."

"आणि ते वाजवलेच नाहीत तर? रविवारी जाणार आहेत, काकी. ती एकच वस्तू मागितलीय त्यांनी."

मी रेकॉर्ड कव्हरमध्ये घातली आणि प्लेअरची पेटी बंद केली.

सहम, शुक्रवार

सालिमांची बाग समुद्रापासून अर्ध्या मैलावर आहे. पंपघर म्हणजे चार भिंती आणि पत्रा. पंप आता विजेचा, पण जुने पाइप तसेच आहेत. एका पाइपावर एका ठिकाणी रंग पूर्ण गेलेला आहे. दाऊदभाईंनी मला ती जागा दाखवली.

नमाज आणि जेवण उरकलं होतं. चटई अंथरलेली, सालिमांसाठी खुर्ची, वेलची घातलेला कहवा आणि खजूर. दाऊदभाईंनी स्वच्छ सदरा घातला होता आणि डफ मांडीवर घेऊन ते बसले होते. लीनाने प्लेअर लाकडी पेटीवर ठेवला, फोन खिडकीत. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

मी भाषण तयार करून आणलं होतं. ते आठवलं नाही. मी म्हटलं, "दाऊदभाई, त्या पाच जागा जर्मनांनी सोडलेल्या नाहीत. मी कापल्या."

ते हसले. "वैनी, मस्करी करताव काय?"

"कॅसेट मी भरली होती. मला ते वाजवणं म्हणजे गोंधळ वाटला, म्हणून गाळलं. रेकॉर्डवर जागा नाहीत. तिथे सगळं भरलेलं आहे."

"पाचही?"

"पाचही."

त्यांनी डफ कापडात गुंडाळला. घाई न करता, चारी कोपरे जुळवून. मग म्हणाले, "म्हंजे बस्त्यावभाय मना खोटा बोलला." आणि उठून बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिले.

मी मागे गेले. पाटातून पाणी खजुरांकडे जात होतं. ते माझ्याकडे न बघता बोलले, "मी सातवी नापास माणूस, वैनी. दिवसभर अर्बाबची बोलणी, गिऱ्हाइकाची बोलणी. आणि शुक्रवारी मना वाटायचा, कुठची कोण ती गोरी लोका, मना ओळखत नाय, बघितला नाय, आणि माझ्यासाठी जागा सोडून ठेवतात. चाळीस वरसा मी त्यांचे उपकार मानले."

मी म्हटलं, "जागा कोणीतरी ठेवलीच होती, दाऊदभाई. पण तो जर्मन नव्हता. तुमच्या बस्त्यावभाईंना ते सगळं पाठ होतं. एकटे गुणगुणून पुरं करू शकले असते. त्यांनी बटण दाबून तुमच्याकडे बघितलं."

त्यांनी पाटातलं पाणी ओंजळीने तोंडावर घेतलं. मग म्हणाले, "तुमी आत जा. ऊन हाय."

आत सालिम लीनाला काय झालं ते विचारत होते. तिने हिंदीत सांगितलं, की काकांनी दाऊदभाईंना खोटं सांगितलं होतं. सालिमांनी कहव्याचा पेला खाली ठेवला आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "ए दाऊद! तेरे को तो अच्छा झूठ बोला! मेरे को क्या बोला मालूम? बोला, अर्बाब, हर जुम्मा पाइप चेक करता है! ठोक के देखता है, जंग लगा कि नहीं! ग्यारह साल पाइप चेक! मैं बच्चा है क्या?"

त्यांनी दाऊदभाईंचा पेला भरला.

"मैं सब को बोलता था, मेरा पाइप पूरा बातिना में नंबर एक," सालिम म्हणाले. "यल्ला, इधर आ. कहवा ठंडा होता."

दाऊदभाई दारात आले. त्यांचे डोळे लाल होते, पण ओठांच्या कडेला हसू अडवलेलं होतं. "पाइप चेक," ते स्वतःशीच म्हणाले. मग चटईवर बसले. "लावा, वैनी. सगली लावा. तुमी कापलाव ता काय व्हता, ता तरी ऐकू दे."

मी सुई टेकवली.

पहिली बाजू त्यांनी हाताची घडी घालून ऐकली, परीक्षक बसतात तशी. पहिल्या जागेपाशी मान पुढे केली, ऐकलं, मान मागे घेतली. "आमचा बरा व्हता," ते म्हणाले. दुसऱ्या जागेला, "हा बासरीवाला चांगला हाय." गिटारवाल्याची ती चूकही त्यांनी पहिल्याच जागेत बरोबर पकडली होती. माझ्याकडे पाहून एक भुवई वर केली होती.

बाजू उलटली. चार ओळी झाल्या. सालिमांनी डोळे मिटले. भांडी धुण्याचा भाग आला आणि गेला. मग सगळी वाद्यं खाली बसली आणि तो लाकडावरचा ठोका सुरू झाला.

दाऊदभाई ताठ झाले. "हा बस्त्यावभायचा हात," ते म्हणाले. "वैनी, हा त्याचाच हात."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी कापड सोडलं. डफ हातात घेतला, पण वाजवला नाही. जागा शोधत होते. इतक्या वर्षांची सवय, गाणारे थांबल्याशिवाय हात उचलायचा नाही. त्यांची बोटं कातड्याला टेकून राहिली. ढोलवाला दोन सावकाश, तीन भरभर वाजवत होता आणि एक सोडून देत होता. चारपाच वेळा तसं झालं. पुढच्या वेळी, जो ठोका तो सोडतो, तो दाऊदभाईंनी वाजवला.

मग त्यांनी कोणासाठीच थांबून पाहिलं नाही. ऑर्गन आला, ते वाजवत राहिले. गिटार आली, ते तिच्या अंगाने वाजवायला लागले. कोकणातल्या लग्नाच्या वरातीत वाजतो तो डफ होता, आणि त्या पाचजणांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. सालिमांची काठी जमिनीवर पडत होती, तालात म्हणता येणार नाही, पण पडत होती. लीना फोनमागे उभी राहून एका हाताने डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हाताने मला खूण करत होती, हलू नकोस म्हणून. शेवटच्या चार ओळी आल्या. दाऊदभाईंना त्या पाठ होत्या, शब्दांचा अर्थ मात्र कधी माहीत नव्हता. त्यांनी त्या गाणाऱ्याबरोबर म्हटल्या.

तबकडी संपली. सुई आतल्या रिकाम्या खाचेत गोल गोल फिरत घरघरायला लागली. सुई उसनी होती आणि ती उचलायला हवी होती. दाऊदभाई डोळे मिटून वाजवतच होते, त्या घरघरीवर, सावकाश, पुढे कुठे जायचं ते ठरवत. लीनाने माझ्याकडे पाहिलं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.